कांठावरची प्रदक्षिणा

फिरावयास निघणें आणि कोठें तरी जावयास निघणें या दोन भिन्न क्रिया आहेत. कामासाठीं निघालेला मनुष्य वाटेचा हिशेब मुक्कामाशीं करतो. ज्याची वाट वळसा घेऊन निघाल्या ठिकाणींच परत येते, त्याला मात्र वाट हाच मुक्काम. देवाभोंवतीं असें फिरण्यास आपण प्रदक्षिणा म्हणतों, आणि तिचें मर्म हें कीं, ज्याच्याभोंवतीं फिरावयाचें त्यांत पाऊल घालावयाचें नसतें. पाणपक्ष्यांच्या वस्तीला घातलेला वळसाही असाच असावा. परंतु मध्यभागीं काय आहे हें फिरणाऱ्यास ठाऊक असावयास हवें कीं नाहीं, हा प्रश्न इंदापूर तालुक्यांत उजनीच्या जलाशयाकांठीं हिंडतांना टाळतां येत नाहीं.

समुद्र येथून फार दूर. तरीही भिगवण, कुंभारगांव, डिकसळ या बाजूस हिंवाळ्यांत गेलें असतां एखाद्या खाडीच्या तोंडाशीं आल्याचा भास होतो. भीमेवरील उजनी धरण १९८० मध्यें पुरें झालें. त्याचा एकंदर सांठा सुमारें ११७ अब्ज घनफूट. पैकीं निम्म्याहून अधिक पाणी सर्वांत खालच्या दाराच्याही खालीं राहणारें, म्हणून पाटबंधारे खात्याच्या परिभाषेंत 'मृत सांठा'. नांव मोठें विपरीत आहे. कारण हें मृत पाणी सहसा आटत नाहीं, म्हणूनच ऐन उन्हाळ्यांतही कोठें ना कोठें उथळ पाणी व चिखल शिल्लक राहतो, आणि त्यावर हजारों जीव जगतात.

वाट सोपी आहे. चढ नाहीं, कांटेकुटेही बेताचेच. गांवांतून शेताच्या बांधानें पाण्यापर्यंत जावें, कांठाकांठानें थोडें चालावें आणि उसाच्या फडांमधील गाडीवाटेनें परत यावें. मात्र ही वाट कोणत्याही दोन महिन्यांत एक नसते. कार्तिकांत जेथें पाणी होतें तेथें चैत्रांत जमीन उघडी पडते, आणि शेतकरी तींत गाळपेर करतात. म्हणजे चालणाऱ्याच्या उजव्या हातास पीक, डाव्या हातास पाणी, आणि या दोहोंमधील सीमा रोज सरकणारी. तिच्यावर रोहित पक्षी माना उलट्या करून चिखल गाळीत उभे असतात. तिबेट व मध्य आशियाकडून हिमालय ओलांडून आलेला पट्टकादंब येथें शेताच्या कडेला चरतो. चक्रवाकही लडाख-तिबेटकडचाच, संस्कृत कवींनीं त्याच्या रात्रीच्या विरहाचा एवढा ध्यास घेतला, पण तो वर्षाचा अर्धा भाग कोठें घालवितो याची चौकशी फारशी कोणीं केलेली दिसत नाहीं.

हें सर्व पाहून मन प्रसन्न होतें. मग आठवतें कीं, हें पाणी गांवांवर उभें आहे. धरणापायीं अनेक गांवें उठलीं. घरें, मळे, विहिरी, स्मशानें सारीं पाण्याखालीं गेलीं. कांठावर भेटलेल्या एका वृद्ध शेतकऱ्यास मीं सहज विचारलें, "बाबा, तुमचें मूळ गांव कोणतें?" त्यांनीं पाण्याकडे हात केला, आणि म्हणाले, "गुरुजी, त्या बगळ्याच्या म्होरं आमची हीर हाय." 'होती' नव्हे, 'हाय'. व्याकरण शिकविण्यांत माझें आयुष्य गेलें, पण वर्तमानकाळाचा असा प्रयोग मला कोणत्याही पुस्तकांत आढळला नाहीं.

आतां प्रश्न असा: परक्याच्या हानींतून जन्मलेल्या सौंदर्याचा उपभोग निर्दोष असूं शकतो काय? एक उत्तर तयार असतें, कीं झालें तें झालें. पक्ष्यांनीं कोणाचें गांव बुडविलें नाहीं, पाहणाऱ्यानेंही नाहीं. दुसरें उत्तर याच्या उलट, कीं असें सुख पापाचें भागीदार, तें टाकावें. मला दोन्हीं उत्तरें आळशी वाटतात. पहिलें स्मरणाचे कष्ट वांचवितें, दुसरें विचाराचे. मीं दुर्बीण घरीं ठेवली म्हणून त्या विहिरीवर मोट चालूं लागणार नाहीं. पक्ष्याला इतिहास नाहीं, म्हणून तो खरोखर निर्दोष आहे. ती सवलत मनुष्याला मागतां येत नाहीं.

अशा जागेला लोक 'अभयारण्य' म्हणतात. अभय हा शब्द थोर आहे, पण तें देणारा कोण आणि त्याची किंमत भरणारा कोण, हें त्यांत सांगितलेलें नसतें. भरतपूरचें सरोवरही मनुष्याच्या बंधाऱ्यामुळेंच झालेलें. तेथें १९३८ सालीं व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या मेळ्यानें एका दिवसांत चार हजारांवर पक्षी मारले. पुढें तेंच स्थळ राष्ट्रीय उद्यान झालें, आणि १९८२ मध्यें गुरें चारण्यास बंदी होतांच झालेल्या दंग्यांत पोलिसांच्या गोळीबारानें कांहीं गांवकरी मेले. त्यानंतर मुंबईच्या निसर्ग-इतिहास मंडळाच्या संशोधकांस दिसून आलें कीं, म्हशी गेल्यामुळें गवत माजून उघडें पाणी उलट कमी झालें. कुंभारगांवीं असें घडलें नाहीं, ही समाधानाची गोष्ट. तेथें मासे धरणारेच आपल्या नावांतून पाहुण्यांस पक्षी दाखवितात. शेजारच्या बारामती तालुक्यांत सुप्याजवळ चिंकारांसाठीं मयूरेश्वर अभयारण्य आहे; तें माळाच्या कोरडेपणामुळें टिकलें, हें पाण्यामुळें घडलें. पाणी येणें हें सर्वांस वरदानच, असें म्हणणाऱ्यांनीं हीं दोन्हीं पाहावींत.

आम्हां पुणेकरांचा हिशेब तर अजून पुरा व्हावयाचा आहे. मुळा-मुठेंतून पुणें व पिंपरी-चिंचवड यांचें सांडपाणी भीमेंत येतें आणि भीमा तें उजनींत आणून ठेवते. त्यांतील नत्र व स्फुरद यांवर शेवाळ माजतें, पाणी हिरवें पडतें, आणि हेंच पाणी पुढें सोलापूरकडील घरांत जातें. रोहिताचें पिल्लूं जन्मतः करड्या रंगाचें असतें. त्याचा गुलाबी रंग शेवाळांतून व तें खाणाऱ्या सूक्ष्म जीवांतून हळूहळू पिसांत उतरतो. रविवारीं पहाटे मोटार घेऊन जो रंग पाहावयास आम्ही जातों, त्याच्या पाण्यांत आमच्याच मोऱ्यांची भर आहे. धरण बांधतांना मला कोणीं विचारलें नव्हतें, असें मीं म्हणूं शकेन. सांडपाण्याबद्दल तसें म्हणतां येणार नाहीं. तें आजचें आहे, आणि नगरपालिकेच्या निवडणुकींत मत देतांना त्याचा विचार करणें माझ्या हातीं आहे.

पाणी फार ओसरलें म्हणजे पळसदेवच्या जुन्या शिवमंदिराचें शिखर, आणि कधीं सबंध मंदिर, उघडें पडतें. तेव्हां वर वसलेल्या गांवांतील माणसें चिखल तुडवीत दर्शनास जातात, पोरांना जुन्या गल्ल्यांच्या जागा दाखवितात, आणि देवळाला फेरी घालून परततात. तोंपर्यंत वैशाखाचें ऊन चढलेलें असतें, पट्टकादंब केव्हांच उत्तरेकडे उडून गेलेले असतात, आणि दुर्बिणी घेऊन येणाऱ्या शहरी मंडळींपैकीं तेथें सहसा कोणी नसतें.