दान पूर्ण कधी होतं?

जुन्नरच्या लेण्यांमध्ये सातवाहनकाळातले दानलेख आहेत. इरिल नावाच्या यवनाने (ग्रीकाने) पाण्याच्या दोन पोढ्या, म्हणजे टाक्या, दिल्याची नोंद एका लेखात आहे, तर चिट नावाच्या यवनाने संघाला भोजनमंडप दिल्याची दुसऱ्यात. पोढी दिल्यावर तिच्यातलं पाणी कुणी, किती न्यावं याची परवानगी इरिलकडे मागावी लागत नव्हती. धर्मशास्त्राची दानाची कसोटीही हीच आहे: देणाऱ्याने आपलं स्वामित्व सोडावं आणि घेणाऱ्याचं निर्माण करावं. शाळेला दिलेल्या संगणक-कक्षाला ही कसोटी लावून पाहावी. यंत्रं शाळेची होतात, पण त्यांतली प्रणाली बंदिस्त परवान्याची असेल तर तिची प्रत काढायला, ती उघडून बघायला किंवा बदलायला मनाई असते. असं दान माझ्या मते अर्ध्यावर थांबलेलं असतं. विद्या दिल्याने देणाऱ्याची कमी होत नाही, म्हणून इथे हात आखडता घेण्याचं कारण तर आणखीच दुबळं.

जुन्नरजवळच्या खोडदच्या परिसरात हा प्रश्न दूरचा नाही. जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना इथे सुमारे २५ किलोमीटरच्या टापूत पसरल्या आहेत. ऑप्टिकल फायबरवरून येणारे त्यांचे संदेश एकत्र करण्याचं काम लिनक्स या मुक्त प्रणालीवर चालणारे संगणक करतात. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये जाहीर केलेला ग्नू प्रकल्प आणि लिनस टोरवाल्ड्स यांचं १९९१ मधलं कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, यांतून उभी राहिलेली ही प्रणाली शेजारच्या शाळेलाही तितक्याच हक्काने मिळते. प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या कष्टांचं मोल कुणी द्यायचं, हा आक्षेप रास्त आहे. पण लिनक्सचा मुक्त परवाना पैसे घ्यायला मनाई करत नाही. मनाई करतो ती घेणाऱ्याला कुलूप लावायला. नोकरीसाठी विंडोजच यायला हवं, असंही पालक म्हणतील. फाइल, फोल्डर, तक्ते, जाळं यांची समज एका प्रणालीवर पक्की झाली की दुसरीवर हात बसायला फार वेळ लागत नाही.

खरा अवघड आक्षेप वेगळा आहे. शाळेच्या अशा कक्षात अनेकदा एकच सर्व्हर असतो आणि जुने, हार्ड डिस्क नसलेले संगणक जाळ्यावरून त्याच्याकडूनच सुरू होतात. खर्च वाचतो. मूल कोणत्याही यंत्रावर बसलं तरी त्याचं काम त्याला सापडतं. पण सगळी सत्ताही एकाच ठिकाणी साठते. सर्व्हर बंद पडला की वर्ग थांबतो. ज्याच्याकडे रूट पासवर्ड, म्हणजे सर्व्हरचा पूर्ण ताबा देणारा पासवर्ड, त्याला प्रत्येक मुलाची फाइल उघडता येते. कक्ष उभारणारा तो पासवर्ड सोबत घेऊन गेला, तर परवाना मुक्त असूनही शाळा परावलंबीच राहते. म्हणजे लिनक्समुळे दान पूर्ण होणं शक्य होतं, आपोआप होत नाही. शिक्षकांच्या बदल्या होतात, हे खरं. म्हणून जाळ्याची मांडणी, बॅकअप आणि सर्व्हर पुन्हा उभा करण्याची कृती मराठीत लिहून शाळेच्या दप्तरी ठेवायला हवी, आणि कक्ष सोपवण्याआधी देणाऱ्याने बाजूला उभं राहून निदान दोन शिक्षकांकडून तो सर्व्हर पुसून नव्याने उभा करून घ्यायला हवा.