शंभर टक्के कोणाचे?

तुझ्या कंपनीत सुरक्षेचं ऑनलाइन प्रशिक्षण शंभर टक्के पूर्ण झालं, हे तू मला छाती फुगवून सांगितलंस. मोबाइलवर तो हिरवागार तक्ताही दाखवलास. घरात चार माणसं बसली होती म्हणून मी त्या वेळी गप्प राहिलो. आता ऐक. चांदीपच्या शाळेत मी तुला शिकवलं, तो हक्क मी अजून सोडलेला नाही. आज तू मोठ्या कंपनीच्या प्रशिक्षण विभागाचा प्रमुख आहेस. हजारो माणसांनी काय शिकायचं आणि कसं शिकायचं, हे तू ठरवतोस. तुझ्या चुकीची किंमत ती माणसं मोजणार, म्हणून मी बोलतोय.

आपल्या गावचा एक पोरगा तुझ्याच कंपनीत लागलाय. तू त्याला ओळखत नसशील, पण तुझ्या त्या शंभर टक्क्यांत तो आहे. त्याला मी विचारलं, ‘इलेक्ट्रिक पॅनेलने पेट घेतला तर काय करशील?’ तो जरा आठवून म्हणाला, ‘सर, तो सातवा प्रश्न होता. त्याचं उत्तर क.’ पोरगा चेष्टा करत नव्हता. त्याला खरंच तेवढंच आठवत होतं. उत्तरांची अक्षरं त्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आधीच आली होती. व्हिडिओ त्याने बघितला तो शिरसाड फाट्यावर गाडीची वाट बघताना, आणि बघितला म्हणजे काय, तर फोन खिशात ठेवून चालू दिला. पुढे जायचं बटण काही सेकंद उमटत नाही, म्हणून मधूनमधून फोन बाहेर काढायचा, बटण दाबायचं, पुन्हा खिशात टाकायचा. आवाज बंद. प्रमाणपत्रावर शंभरपैकी शंभर.

त्या पोराला मी एक शब्द बोललो नाही. बारा तास घराबाहेर राहणाऱ्या माणसाला तू त्याच्या प्रवासाच्या वेळात शिकायला लावलंस. कंपनीच्या कामाचं शिक्षण कंपनीच्या वेळात व्हायला हवं, एवढी साधी गोष्ट तुला कळू नये? पाळीतला अर्धा तास द्यायला तुमचा जीव वर-खाली होतो आणि प्रमाणपत्र मात्र सगळ्यांचं हवं!

आता त्याला काय यायला हवं होतं ते बघ. आधी वीजपुरवठा तोडायचा. पाणी मारायचं नाही. कार्बन डायऑक्साइडचा किंवा कोरड्या पावडरचा सिलिंडर घ्यायचा, पिन काढायची, नळी ज्वाळांकडे न धरता आगीच्या बुडाशी धरायची, दांडा दाबायचा आणि इकडून तिकडे फिरवत मारा करायचा. पावडरचा सहा किलोचा सिलिंडर जेमतेम पंधरा-वीस सेकंद चालतो. त्यातले पाच सेकंद पिन शोधण्यात गेले तर राहिलं काय? त्या पिनला प्लास्टिकचं सील असतं. घाबरलेल्या बोटांनी ते तोडायला किती हिसका द्यावा लागतो, हे पडद्यावर कळत नाही. कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरचं नळकांडं मारा करताना इतकं गार पडतं की उघड्या हाताने धरलं तर कातडी भाजल्यासारखी होते. या गोष्टी हाताला शिकवाव्या लागतात. व्हिडिओने पूर्वतयारी होईल, पण सिलिंडर एकदा तरी त्याच्या हातात द्यावाच लागेल.

२३ एप्रिल २०२१ च्या पहाटे विरारमध्ये करोनाच्या रुग्णांच्या अतिदक्षता विभागाला आग लागली आणि डझनाहून अधिक रुग्ण गेले. त्या पहाटेची आठवण आपल्या भागात अजून ताजी आहे. तिथे कोणाचं काय चुकलं, ते ठरवणं माझं काम नाही. मी एवढंच सांगतो की आगीची पहिली दोन-तीन मिनिटं तिथे हजर असणाऱ्या माणसांचीच असतात. बंब नंतर येतो. त्या माणसांना काय येतं आणि काय येत नाही, यावर सगळं ठरतं. आणि तू मला हिरवा तक्ता दाखवतोस.

तू म्हणालास, ‘सर, कोर्स संपल्या संपल्या चाचणी होते, ऐंशी टक्क्यांखाली कोणी पास होत नाही.’ हेच तर तुझ्या अज्ञानाचं लक्षण! हरमान एबिंगहाउस या जर्मन माणसाने १८८५ मध्ये स्वतःवर प्रयोग करून दाखवून दिलं की शिकलेलं पहिल्या काही तासांतच भराभर गळून जातं. संपल्या संपल्या घेतलेली चाचणी त्या गळतीच्या आधीची असते. अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिक या दोघांनी २००६ मध्ये केलेला प्रयोग तर तुझ्या विभागाच्या भिंतीवर लावायला हवा. विद्यार्थ्यांच्या एका गटाने उतारा वाचून पुन्हा वाचला. दुसऱ्या गटाने एकदा वाचला आणि मग न बघता आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. याचा अर्थ कळतोय का तुला? लगेच घेतलेली चाचणी शिक्षकालाच फसवते. ज्याच्या डोक्यात काही टिकणार नाही, तोही त्या क्षणी हुशार दिसतो.

मग तुझ्या हातात काय होतं? आठवड्याने त्या पोराच्या फोनवर तीन प्रश्न पाठवायचे, महिन्याने आणखी तीन. अ-ब-क-ड न देता ‘तू काय करशील ते बोलून सांग’ म्हणायचं. त्याच्याच खात्यातल्या पॅनेलचा फोटो दाखवून मेन स्विच कुठे आहे ते विचारायचं. हे सगळं पडद्यावर करता येतं, वर्गापेक्षा स्वस्तात करता येतं. पडद्याची खरी ताकद इथे आहे आणि नेमकी तीच तू वापरली नाहीस. ऐंशी स्लाइडी एका दमात गळी उतरवल्यास आणि वर्षभर विसरून गेलास.

मी पडद्याचा किंवा दुरून शिकवण्याचा वैरी नाही, हे तुला ठाऊक आहे. १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ निघालं आणि कॉलेजची पायरी न चढू शकलेल्या कितीतरी माणसांना घरी राहून पदवी घेता आली. मुंबईत मुख्यालय असलेल्या टीसीएसमध्ये सहा लाखांच्या घरात माणसं आहेत. एवढ्यांना फळ्यासमोर बसवणं शक्यच नाही, तिथे ऑनलाइन शिक्षणाला पर्याय नाही. लांबच्या माणसापर्यंत पोहोचायला, त्याच्या वेगाने शिकवायला, न कळलेलं पुन्हा बघू द्यायला याहून चांगलं साधन आजवर झालेलं नाही. म्हणूनच माझा संताप होतो. इतकं चांगलं साधन तुम्ही फाइल भरण्यासाठी वापरता.

फाइलच ना? कायदा काय सांगतो तेही बघून घे. भोपाळमध्ये १९८४ साली हजारो माणसं मेली, त्यानंतर १९८७ मध्ये त्या वेळच्या कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली आणि सुरक्षेचं प्रशिक्षण मिळणं हा कामगाराचा हक्क झाला. माणसं मेल्यावर मिळालेला हक्क आहे तो. तुझी प्रणाली ‘पूर्ण’ असं कधी म्हणते? शेवटचा पडदा उघडला आणि गुण पडले की. उद्या काही घडलं तर ‘याला शिकवलं होतं’ असं सांगायला कंपनीकडे कागद असेल आणि दोष त्या पोराच्या माथी बसेल. तू त्याचं रक्षण केलं नाहीस, त्याच्याविरुद्ध पुरावा तयार करून ठेवलास. याचा तरी कधी विचार केला होतास का?

डोनाल्ड किर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये प्रशिक्षण मोजायच्या चार पायऱ्या सांगितल्या. शिकणाऱ्याला कसं वाटलं, तो काय शिकला, कामावर त्याचं वागणं बदललं का, आणि शेवटी कंपनीच्या कामात काय फरक पडला. तुझ्या एमबीएच्या पुस्तकात हे होतं, परीक्षेत तू ते लिहिलंही असशील. तुझा तक्ता मात्र पहिल्या पायरीवरही चढलेला नाही. तो फक्त बटणं मोजतो.

आता तुमच्या साहेबलोकांबद्दल. लैंगिक छळाविरुद्धचा कायदा २०१३ चा. जागृतीसाठी ठरावीक काळाने कार्यशाळा घ्यायच्या, हे त्यात मालकाचं कर्तव्य म्हणून लिहिलंय. तुम्ही त्याचा अर्ध्या तासाचा कोर्स केलात. ठीक. पण एका व्यवस्थापकाचा तो कोर्स त्याच्या हाताखालच्या मुलीने त्याच्या लॉगिनवरून पूर्ण केला, हे तू मला हसत हसत सांगितलंस. हसलास कसा? त्या मुलीला उद्या तक्रार करायची वेळ आली तर ती कोणाकडे जाईल? तिच्या साहेबाला तक्रार आल्यावर काय करायचं ते माहीत नाही, हे तिला आधीच कळून चुकलंय, कारण त्याची उत्तरं तिनेच दिली आहेत. त्या दिवशी तू त्या व्यवस्थापकाला केबिनमध्ये बोलावून कोर्स रद्द करायला हवा होतास. तू त्याला शंभर टक्क्यांत मोजलंस. वरिष्ठच असं करतात तर खालचा माणूस फोन खिशात का ठेवणार नाही?

अजून एक गोष्ट तुम्ही विसरलात, आणि ती आपल्या महाराष्ट्रात घडलेली आहे. कामगार शिक्षणाचं केंद्रीय मंडळ १९५८ मध्ये स्थापन झालं, त्याचं मुख्यालय नागपूरला होतं. त्यांनी रचना कशी केली होती? शिक्षण अधिकाऱ्यांनी निवडक कामगारांना शिकवायचं, आणि त्या कामगार-शिक्षकांनी परत आपल्या कारखान्यात जाऊन सोबत्यांना शिकवायचं. शेजारच्या मशीनवरचा माणूसच शिक्षक. तो आपल्या भाषेत बोलतो, त्याला अडवून प्रश्न विचारता येतो, आणि चुकलं तर तो तिथल्या तिथे हात धरतो. तुझ्या कोर्समध्ये मराठी निवडलं तर जे ऐकू येतं, ते मराठी वसईत, पालघरमध्ये कोणाच्या घरात बोलत नाहीत. यंत्राने केलेलं भाषांतर यंत्रानेच वाचलंय. तुझ्या कंपनीत वीस-पंचवीस वर्षं काढलेले फिटर आहेत. आपल्या मशीनसमोर उभं राहून एकेक जण पाच मिनिटं बोलला आणि ते मोबाइलवर टिपलं, तर तुझ्या महागड्या कोर्सपेक्षा ते जास्त कामाचं ठरेल. त्यांना विचारायला तू कधी खाली उतरलास?

आणि शेवटचं, ज्याची तुला खरी लाज वाटायला हवी. तो पोरगा मला म्हणाला की त्याच्या पाळीत टाकी धुणारे, माल उतरवणारे बरेचसे कंत्राटी आहेत आणि त्यांना लॉगिनच नाही. म्हणजे तुझ्या शंभर टक्क्यांत ते मुळी धरलेलेच नाहीत. जो सगळ्यात धोक्याचं काम करतो, तो तुझ्या तक्त्यात लालही नाही आणि हिरवाही नाही. वाडा-जव्हारकडून आलेला एखादा पोरगा आज रात्री त्या टाकीत उतरेल. आत वायू साठलाय का हे आधी तपासायचं असतं, वर एक माणूस पहाऱ्याला ठेवायचा असतो, सोबती आत कोसळला तरी दोरी आणि श्वासाच्या उपकरणाशिवाय मागोमाग उडी मारायची नसते, हे त्याला कोणी सांगितलंय? अशा अपघातांत पहिल्याला वाचवायला गेलेला दुसरा मरतो, हे सुरक्षा खात्यातल्या कोणालाही विचार.

सोमवारी गेल्या गेल्या गेटवरचं रजिस्टर मागव. तुझा संगणक नको, रजिस्टर. त्यातून रात्रपाळीच्या कंत्राटी कामगारांची नावं स्वतःच्या हाताने उतरवून काढ. ठेकेदाराची माणसं म्हणून कोणी हात झटकले तर ऐकून घेऊ नकोस. त्यांना कंपनीच्या वेळात, पगार न कापता, त्यांना कळेल अशा भाषेत, टाकीच्या तोंडाशी उभं करून शिकवायची तारीख लेखी ठरवून घे आणि त्या रात्री तू तिथे हजर राहा. टाकीत उतरणं तोपर्यंत बंद ठेवायला लाव. तारीख ठरली की मला फोन कर. त्याआधी करू नकोस.