तळाच्या टीमचा शेवटचा सामना

२०२२ची आयपीएल आठवते? सगळे साखळी सामने मुंबई आणि पुण्यातच होते. आमच्या कफ परेडच्या मच्छीमार नगरातून वानखेडे आणि ब्रेबॉर्न दोन्ही जवळ. घरचं मैदान, घरची हवा, पाच वेळा कप जिंकलेली टीम. आणि मुंबई इंडियन्स पहिले आठ सामने ओळीने हरली! शेवटी चौदापैकी चार जिंकून दहावी, म्हणजे तळाला.

२१ मेला त्यांचा शेवटचा सामना वानखेडेवर, दिल्लीशी. मुंबईला त्यातून काहीच मिळणार नव्हतं. दिल्ली जिंकली तर दिल्ली प्लेऑफमध्ये, हरली तर बंगळुरू. म्हणजे कधीच बाहेर पडलेली टीम ठरवणार होती की आत कोण जाणार. मुंबईने १६०चं लक्ष्य पाच चेंडू राखून गाठलं. टिम डेव्हिडने ११ चेंडूंत ३४ ठोकल्या. बंगळुरूवाले त्या रात्री मुंबईसाठी ओरडत होते.

आता प्रश्न असा, की त्या दिवशी जीव तोडून खेळणं मुंबईवर बंधनकारक होतं का?

‘पैसे घेतात ना, मग खेळायलाच हवं’ हे उत्तर मला पुरत नाही. आळसावून खेळले असते तरी पैसे मिळालेच असते. ढिला फटका मारून कॅच दिला, तर तो मुद्दाम की चुकून हे स्कोअरकार्ड सांगत नाही. मी दिवसभर सॉफ्टवेअर लिहितो, म्हणून मला गुणतक्ता असा दिसतो: एका सामन्याचा निकाल दुसऱ्या कुणाच्या तरी गणितात इनपुट म्हणून जातो. आणि हे इनपुट खरं ठेवण्याचं काम ज्याच्याकडे आहे, त्यालाच ते खरं ठेवण्यात काडीचा फायदा नाही. (नवीन पोरांना उतरवायला माझी हरकत नाही. ती जीव तोडूनच खेळतात.)

पण कुणाचंच गणित अडलेलं नसेल तर? टेक्सासमधल्या प्रेअरी व्ह्यू ए अँड एम विद्यापीठाची अमेरिकन फुटबॉल टीम १९८९ ते १९९८ या काळात सलग ८० सामने हरली. ऐंशी! खेळणारे विद्यार्थी, आपल्या इंजिनिअरिंगसारखाच चार वर्षांचा मामला. म्हणजे एकही विजय न बघता डिग्री घेऊन बाहेर पडलेली पोरं त्यात असणारच. १९९८मध्ये लँग्स्टनला १४-१२ने हरवलं, तेव्हा ती मैदानात नव्हती. त्यांच्या हरण्यावर पुढचा विजय उभा राहिला, असं म्हणायचा मोह होतो. मला ते खोटं सांत्वन वाटतं. पंचविसावा पराभव ही कशाची पायरी नव्हती, तो पराभवच होता. पण समोरच्या टीमलाही वर्षातले मोजकेच सामने मिळतात. त्यातला एक पोकळ करून देणं हा त्यांच्यावर अन्याय झाला असता, एवढं मला पटतं.

आमच्याकडे मेच्या शेवटी हेच चालतं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. त्याआधीच्या फेऱ्यांत कधीकधी डिझेल आणि बर्फाचा खर्चही निघत नाही. माझ्या हिशेबाने हंगाम वाईट गेला असेल तर बोट लवकर शाकारावी. बापूस ऐकत नाही. त्याचं म्हणणं, आपला हंगाम संपला, खलाशांचा कुठे संपलाय? त्यांना घरी जाताना दोन पैसे वाट्याला यायला नकोत का?

इथे माझी गाडी अडते. मुंबई इंडियन्सच्या खेळाडूंना हरलेल्या सामन्याचं डिझेल खिशातून भरावं लागत नाही. बापसाला लागतं. आहे ते सगळं कर्जात घालून दुसऱ्याचा हंगाम वाचव, असं मी कुणाला सांगू शकत नाही. उद्या त्याने वीस मेलाच बोट शाकारली, तरी मी काही बोलणार नाही. फक्त खलाशांना आठवडाभर आधी सांगून ठेव म्हणेन, म्हणजे त्यांना दुसरी बोट बघता येईल.