राहिलेली मूठमाती

जे कर्तव्य करणे अशक्य झाले ते कर्तव्यच उरत नाही, असे सामान्यतः समजले जाते. ज्याचा पाय मोडला त्याच्यापाशी चालण्याचे वचन कोण मागेल? व्यवहाराला हा न्याय पुरेसा आहे, आणि बहुतेक प्रसंगी तो दयाळूही आहे. परंतु ह्या न्यायाला एक अपवाद असावा असे आम्हांस गेली काही वर्षे वाटत आले आहे. आणि तो अपवाद आम्हांस कोण्या ग्रंथात नव्हे, तर आमच्या चर्चच्या आवारात, भर गर्दीत सापडला.

करोनाच्या साथीचे सर्व निर्बंध महाराष्ट्र सरकारने २ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याच्या दिवशी उठविले. त्यानंतर आठच दिवसांनी झावळ्यांचा रविवार आला. त्या आधीचे दोन झावळ्यांचे रविवार कसे गेले होते हे वसईकरांस सांगावयास नको. २०२० चा घरात कोंडून, आणि २०२१ चा मोजक्या माणसांत, एकमेकांपासून दूर उभे राहून. म्हणून त्या १० एप्रिलच्या सकाळी आमच्या धर्मग्रामातील लहानथोर माणूस लोटला होता. काहींची मुखपट्टी हनुवटीवर उतरलेली, काहींची खिशातून डोकावणारी. मुले एकमेकांना झावळ्यांनी मारीत होती आणि त्यांना कोणी रागे भरत नव्हते. ‘झाले एकदाचे पूर्ववत!’ हे वाक्य फाटकापासून चर्चच्या दारापर्यंत आम्ही पाच-सहा वेळा ऐकले, आणि एकदोनदा ते आमच्याही तोंडून निघाले. इतक्यात दफनभूमीच्या भिंतीशी उभा असलेला आमच्या आळीतला एक गृहस्थ दिसला. त्याने हात वर केला. आम्हीही केला. मात्र त्याच्या नजरेला नजर देणे काही आम्हांस जमले नाही.

त्याचे कारण सांगण्यापूर्वी धर्मग्राम म्हणजे काय, हे थोडे सांगितले पाहिजे. कारण बाहेरच्या वाचकाची समजूत अशी असते की, रविवारी एका छपराखाली जमणारी माणसे म्हणजे धर्मग्राम. रविवारची मंडळी हे त्याचे दिसणारे रूप होय. त्याची खरी परीक्षा कोणी मेले म्हणजे होते. चर्चची घंटा अमुक रीतीने वाजू लागली की वाडीत पानवेलीला पाणी देणारा हातातले काम ठेवतो, मुंबईच्या कचेरीत निघालेला गाडी चुकवतो, आणि ज्याच्याशी बांधावरून दहा वर्षे बोलणे नाही तोही येऊन शवपेटीमागून चालू लागतो. मराठीत ‘मूठमाती देणे’ हा वाक्प्रचार आहे. वापरून वापरून त्यातली माती आता पुसट झाली आहे, आणि आपण रूढीला, आशेला, कशालाही मूठमाती देतो. आमच्याकडे मात्र ती अजून खरोखरीची माती आहे. आलेला प्रत्येक माणूस खड्ड्याच्या काठाशी वाकतो, मूठभर उचलतो आणि टाकतो. पुढे दोनतीन आठवडे त्या घरी समाचाराला येणाऱ्यांची रीघ असते. त्यांचे बोलणे बहुधा निरर्थक असते. येणे निरर्थक नसते. कॅथलिक परंपरेने शारीरिक दयेची जी सात कृत्ये मानली, त्यांपैकी सहा येशूच्या शेवटच्या न्यायाच्या वर्णनातून घेतली आहेत, आणि सातवे, मृतांना पुरण्याचे, तोबीताच्या पुस्तकावरून त्यांत जोडले आहे. राजाच्या भयाला न जुमानता निनवेच्या रस्त्यांतली आपल्या बांधवांची प्रेते उचलून पुरणारा हा तोबीत आमच्याकडील बायकांना चांगला ठाऊक असतो. पुरुषांचे सांगवत नाही.

२५ मार्च २०२० पासून हे सारे थांबले. मिस्सा पडद्यावर दिसू लागला. त्याची पुष्कळ थट्टा झाली, पण त्यात नवे काही नव्हते. १५७६ च्या प्लेगात मिलानच्या आर्चबिशप कार्लो बोर्रोमेओ यांनी चौकाचौकांत वेदी मांडून घरात कोंडलेल्या लोकांस खिडकीतून मिस्सा पाहण्याची सोय केली होती. रविवारच्या मिस्साचे जे बंधन कॅथलिकांवर असते त्यातून धर्माधिकाऱ्यांनी सूट दिली, आणि ती योग्यच होती. महाराष्ट्रातील प्रार्थनास्थळे १६ नोव्हेंबर २०२० रोजी उघडली, एप्रिल २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेत पुन्हा मिटली (तो निर्णय जाहीर झाला त्या दिवशी ईस्टर होता), आणि ७ ऑक्टोबर २०२१ ला, घटस्थापनेच्या दिवशी, परत उघडली. दार उघडले तशी बंधनेही परत आली. येथवर हिशेब सरळ आहे: बंधन होते, सूट मिळाली, सूट संपली.

परंतु सूट कशातून मिळू शकते? १९८३ च्या धर्मसंहितेत ह्याचे उत्तर स्पष्ट आहे: जो नियम चर्चने स्वतः केला, त्यातूनच चर्चला सूट देता येते. शेजाऱ्याच्या प्रेतामागून चालणे हा काही चर्चने केलेला नियम नव्हे. ते देणे त्या शेजाऱ्याचे. त्यातून मोकळे करण्याचा अधिकार असलाच तर त्याचा, आणि तो तर शवपेटीत आहे.

आता त्या गृहस्थाविषयी. त्याची आई ऑगस्ट २०२० मध्ये करोनाने गेली. आळीतील दोन पिढ्यांना त्यांनी धर्मशिक्षण दिले होते. आम्हांस ‘प्रभूची प्रार्थना’ पाठ येते ती त्यांच्या छडीमुळे. मे महिन्यात क्रुसापाशी होणाऱ्या जपमाळेच्या पुढारी त्याच. कोणाच्याही अंत्ययात्रेस, मग तो परप्रांतातून आलेला भाडेकरू का असेना, त्या गेल्या नाहीत असे झाले नाही. त्यांना मूठमाती देण्यास धर्मगुरू, दोन मुलगे आणि कामगार धरून सात माणसे होती. घंटा वाजली तेव्हा आम्ही घरी होतो. घर दफनभूमीपासून चारशे पावलांवर आहे. रुग्णवाहिका आळीतून गेली तेव्हा आम्ही खिडकी लावून घेतली.

आमच्या घरी ऐंशी वर्षांचे वडील होते, हे खरे. ते कारण खोटे नव्हते आणि आजही आम्ही ते मागे घेत नाही. पण सरकारचा त्या वेळचा नियम अंत्यविधीस वीस माणसांपर्यंत परवानगी देत होता. केंद्रीय आरोग्य खात्याच्या १५ मार्च २०२० च्या सूचनांत प्रेतास स्पर्श, आलिंगन वर्ज्य होते. तथापि प्रार्थना म्हणणे, पवित्र जल शिंपडणे, शेवटचे मुख पाहणे ह्यांस मुभा होती. म्हणजे कायदा जेवढा कठोर होता त्याहून आमचे भय कठोर होते. अशा भयाने त्या दिवसांत सर्वत्रच थैमान घातले. मुंबई महापालिकेने ३० मार्च २०२० रोजी करोनाने मेलेल्या सर्वांचे, धर्म न पाहता, दहनच करावे असे परिपत्रक काढले आणि त्याच दिवशी ते बदलले. वांद्र्याच्या काही रहिवाशांनी आपल्या शेजारच्या दफनभूमींत अशी प्रेते पुरू नयेत म्हणून न्यायालय गाठले; मुंबई उच्च न्यायालयाने २२ मे २०२० रोजी ती मागणी फेटाळली आणि सन्मानाने अंत्यसंस्कार होणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे सांगितले. तो निकाल वाचून आम्ही मोठे समाधान व्यक्त केले होते. तीन महिन्यांनी खिडकी लावली.

येथे आमचे एक विद्वान स्नेही आडवे येतात. ते म्हणतात, ‘तुम्ही गेला नाहीत हे योग्य केलेत की अयोग्य? योग्य असेल तर ऋण कसले? अयोग्य असेल तर कबुलीजबाब द्या आणि मोकळे व्हा.’ त्यांच्या पाठीशी कांट उभा आहे. दोन कर्तव्यांची टक्कर संभवतच नाही, एका वेळी एकच खरे कर्तव्य असते, असे त्याने १७९७ च्या आपल्या नीतिविषयक ग्रंथात प्रतिपादिले. मानले, तर वडिलांचे रक्षण हे कर्तव्य ठरताच अंत्ययात्रा हे कर्तव्य विरून जाते, मागे काही उरत नाही. आम्हांस हे पटत नाही. पुरात ज्याचे शेत वाहून गेले त्या शेतकऱ्यास सावकाराने यंदाचा हप्ता मागू नये हे खरे. पण म्हणून कर्ज फिटले असे तो शेतकरीही म्हणत नाही. न देण्याचा दोष जाणे आणि देणे फिटणे ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आणि शिवाय उषस्ति चाक्रायणाची गोष्ट आहे. छांदोग्य उपनिषदात ती येते. ख्रिस्ती वाचकांनी आमच्या ह्या उसनवारीस क्षमा करावी. कुरुदेशात पिके बुडाली असता हा भुकेला ब्राह्मण एका माहुतापाशी त्याचे उष्टे कुळीथ मागून खातो. माहूत उष्टे पाणीही पुढे करतो, तेव्हा मात्र तो नको म्हणतो. कारण हे खाल्ले नसते तर जगलो नसतो, पण पाणी मला हवे तेथे मिळेल. आपद्धर्माची इतकी नेमकी सीमा आम्ही दुसरीकडे पाहिली नाही. आपत्ती जेवढे सोडावयास लावते तेवढेच सोडावे. त्यापुढचा घोट आपल्या खात्यावर. आम्ही आमचे खाते तपासले. ज्या आठवड्यात त्या बाई गेल्या, त्याच आठवड्यात आम्ही बँकेच्या रांगेत पाऊण तास उभे होतो, आणि सुरमई आली आहे असे कळताच बंदरावरही एक फेरी मारली होती. वडील तेव्हाही घरीच होते.

तर मग राहिलेले हे देणे पुढे देता येते काय? येते असे मानण्यास आधार आहेत. १ ते ८ नोव्हेंबरच्या दिवसांत दफनभूमीस भेट देण्याचा जो पुण्यलाभ, तो त्या वर्षी गर्दी टळावी म्हणून व्हॅटिकनने संपूर्ण नोव्हेंबर महिन्यावर पसरविला. आणि आमची प्रार्थनास्थळे त्याच महिन्याच्या मध्यास उघडली. म्हणजे उशीर झालेल्या भेटीलाही भेट म्हणावे, ही सोय खुद्द धर्मानेच केली होती. त्याहूनही जुना आधार मुंबईच्या गावठाणांत उभा आहे. माझगाव, गिरगाव, वांद्रे येथील गल्लीबोळांतले कितीतरी क्रूस १८९६ च्या प्लेगच्या आठवणीने उभारलेले आहेत. ज्यांनी ते उभारले त्यांच्यातही कोणी तरी खिडकी लावली असेल.

तरीसुद्धा सामुदायिक स्मारकांविषयी आमच्या मनात थोडा किंतु आहे. साथ ओसरल्यावर ठिकठिकाणी ‘करोनाने गेलेल्या सर्वांसाठी’ मिस्सा झाले. नावांच्या याद्या वाचल्या गेल्या. त्यात गैर काही नाही. पण सर्वांसाठी एकदाच रडले म्हणजे एकेकाच्या दारी जाण्याचा संकोच वाचतो, हाही त्यातला एक लाभ असतो, आणि तो लाभ आम्हीही पदरात पाडून घेतला. फोनच्या पडद्यावर जोडलेले दोन हात पाठविणे हा त्याचाच धाकटा भाऊ. देणे मात्र ‘सर्वांचे’ नव्हते. एका म्हातारीचे होते, आणि तिला नाव होते.

पूर्ववत झाले म्हणणाऱ्यांस आणखीही एक गोष्ट दिसत नाही. त्या झावळ्यांच्या रविवारी चर्चमधल्या काही जागा रिकाम्या होत्या. तेथे बसणारी काही म्हातारी माणसे जिवंत आहेत. गुडघ्यांनी आणि भीतीने ती घरीच राहिली, पडद्यावरचा मिस्सा हीच त्यांची सवय झाली, आणि अनेक ठिकाणी दारे उघडल्यावर तो पडदाही यथावकाश मिटला. त्यांची चौकशी कोणी करावयाची, हा प्रश्न आम्ही धर्मगुरूंना विचारला. त्यांनी आमच्याकडे जरा रोखून पाहिले.

समाचाराला आम्ही गेलो तो दिवस ईस्टरनंतरचा मंगळवार होता. म्हणजे जाण्यास एक वर्ष आठ महिने उशीर झाला होता. हातात काय न्यावे हे कळेना. मेणबत्ती नेली. तो गृहस्थ ओटीवर मोगऱ्याच्या कळ्या मोजीत बसला होता. ‘काका, या,’ म्हणाला, आणि आत खुर्चीसाठी हाक दिली. आम्ही जे बोलण्याचे ठरवून गेलो होतो त्यातले निम्मे बोललो. खिडकीचेही सांगितले. तो कळ्या मोजीतच राहिला. मग म्हणाला, ‘मला ठाऊक आहे. गाडीच्या पुढे मीच बसलो होतो.’ थोड्या वेळाने त्याने विचारले, बाबा कसे आहेत? ते मागच्या पावसाळ्यात गेले, हे त्याला ठाऊक होते, आम्ही म्हणालो. त्या वेळीही फार माणसे जमविण्यास बंदी होती. तो त्या वीस जणांत होता. हे त्याला आठवत होते की नाही कोण जाणे. आम्हांस त्या क्षणी आठवले.

चहा झाला. उठताना त्याने कळ्यांची एक पुडी बांधून दिली, आणि नोव्हेंबरात कबरींना आशीर्वाद देतील तेव्हा आईकडेही या, असे सांगितले. आम्ही गेलो. कबरीवर फरशी बसविली होती. मूठभर माती टाकण्यास जागा नव्हती, म्हणून कडेच्या दुर्व्यांत टाकली.