गळलेला प

‘सप्त’मधला प मराठीने केव्हाच गिळला, आणि भरपाई म्हणून स-ला काना देऊन टाकला. मधली पायरीही आपल्याकडे लिहिलेली आहे. हालाच्या गाथासप्तशतीचं प्राकृत नाव ‘सत्तसई’. सप्त, सत्त, सात: हिशेब डोळ्यांपुढे आहे.

आयरिश आणि वेल्श यांच्या अभ्यासकाला ही चैन नाही. या भाषांची मूळ आई, आद्य-केल्टिक, तिने एक अक्षर लिहून ठेवलं नाही. म्हणून तिच्या प्रत्येक शब्दाआधी तारा काढतात. एकोणिसाव्या शतकात आउगुस्ट श्लायखर यांनी ही खूण रूढ केली. अर्थ एवढाच, की हा शब्द सापडलेला नाही, काढलेला आहे. इतकी प्रांजळ खूण मला दुसऱ्या कुठल्या शास्त्रात दिसलेली नाही.

आता वडिलांचा शब्द घ्या. संस्कृतात पितृ, लॅटिनमध्ये पातेर, जुन्या आयरिशमध्ये मात्र ‘अथिर’. (वेल्शची साक्ष इथे कामाची नाही, तिथे वडील म्हणजे ‘ताद’, पोराच्या तोंडचा बोबडा शब्द.) मासा लॅटिनमध्ये पिस्किस, आयरिशमध्ये ‘ईस्क’. पूर्णचा भाऊबंद ‘लान’. एखाददुसरा प गळला तर योगायोग म्हणावा. इथे तो शिस्तीने गळतो. पुढे आयरिश जिभेला प इतका परका झाला, की लॅटिन ‘पास्खा’, म्हणजे ईस्टर, तिने ‘कास्क’ करून घेतला आणि ‘प्लांटा’, म्हणजे रोप, याचा ‘क्लांद’, म्हणजे वंश. इंग्रजीतला ‘क्लॅन’ त्यातूनच आला.

मग मूळ शब्द सरळ ‘अतीर’ का धरत नाहीत? आयरिश सातामुळे. तो ‘सेख्त’ आहे. त-च्या आधी प नाहीसा झाला नाही, घशातला खरखरीत श्वास होऊन राहिला. म्हणजे आईच्या तोंडी प पुरता मेलेला नव्हता. ओठांमधून निघणारी फुंकर तरी उरली असावी. म्हणून *फतीर.

नुसत्या गैरहजेरीवरून एवढं म्हणणं धाडसाचं वाटतं. पण उत्तर इटलीत कोमोजवळ, प्रेस्तीनो इथे एक दगड मिळाला, सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीचा, लेपोन्टिक या केल्टिक भाषेतला. त्यावरच्या एका नावाची सुरुवात ‘उवमो’ अशी आहे. अभ्यासक त्याचा अर्थ ‘सर्वांत वरचा’ असा लावतात. वैदिक ‘उपम’ तोच. आपल्या प-च्या जागी तिथे कोरणाऱ्याने व काढला आहे.