आपल्यावाचून घडणाऱ्या गोष्टी

2004 साली हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या ‘हार्बस’ या विद्यार्थी-वृत्तपत्रात पॅट्रिक मॅकगिनिस या विद्यार्थ्याने आपल्या वर्गमित्रांचं एक दुखणं मांडलं. एकाच संध्याकाळी अनेक ठिकाणची बोलावणी, आणि एकही चुकू नये म्हणून चाललेली धावपळ. या धास्तीला त्याने ‘फोमो’ म्हटलं. त्याच वर्षी, त्याच विद्यापीठाच्या वसतिगृहात फेसबुकचा जन्म झाला होता. पण मॅकगिनिसने पाहिलेलं दुखणं फोनमधून आलेलं नव्हतं. हाताशी भरपूर पर्याय असलेल्या तरुणांचं ते दुखणं होतं.

त्याआधी, 2000 साली, डॅन हर्मन या विपणनतज्ज्ञाने हीच भीती दुकानदाराच्या बाजूने पाहिली होती. ग्राहकाला काही हुकू द्यायचं नसेल, तर थोडाच काळ बाजारात राहणाऱ्या वस्तू त्याच्यापुढे ठेवाव्यात, असा त्याचा विचार. म्हणजे ही भीती कशी कमी करावी याआधी ती कशी वापरावी हे सुचलं होतं. पुढचा सगळा इतिहास वाचताना मला हे पुन्हा पुन्हा आठवतं.

2006 मध्ये फेसबुकने न्यूज फीड आणली. तोवर मित्राचं काय चाललंय हे बघायला त्याच्या पानावर जावं लागे. आता ते न विचारता समोर येऊ लागलं. मग चोवीस तासांत पुसल्या जाणाऱ्या गोष्टी आल्या: 2013 मध्ये स्नॅपचॅटवर, 2016 मध्ये इन्स्टाग्रामवर, 2017 मध्ये व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टेटसमध्ये. आज पाहिलं नाही तर उद्या ते नसणार. हर्मनच्या अल्पजीवी वस्तू आता मित्रांच्या आयुष्यातून तयार होऊ लागल्या.

त्यात एक गणिती गंमतही दडलेली आहे. स्कॉट फेल्ड या समाजशास्त्रज्ञाने 1991 मध्ये दाखवलं की बहुतेकांच्या मित्रांना सरासरीने त्यांच्यापेक्षा जास्त मित्र असतात. कारण साधं आहे: ज्याचा गोतावळा मोठा, तो अनेकांच्या यादीत असतो. त्यामुळे सगळ्यांची आयुष्यं आपल्यापेक्षा भरगच्च दिसतात, आणि त्यात आपला काही दोष नसतो.

पण विचाराला खरी कलाटणी मिळाली 2013 मध्ये. मानसशास्त्रज्ञ अँड्र्यू प्रशिबिल्स्की आणि सहकाऱ्यांनी फोमो मोजण्यासाठी दहा विधानांची मोजपट्टी तयार केली. त्यांना आढळलं की आपल्याला काही जमतं, आपले निर्णय आपण घेतो आणि आपण कुणाचे तरी आहोत, या तीन गरजा ज्यांच्या कमी भागलेल्या असतात, त्यांच्यात फोमो जास्त असतो. हे लोक सोशल मीडियाकडे जास्त ओढले जातात. मला हा निष्कर्ष फार मोलाचा वाटतो. हुकलेली पार्टी किंवा सहल हे निमित्त. आत ठसठसत असतो तो आपलेपणाचा अभाव. अशा मुलाला ‘फोन ठेव बाजूला’ एवढंच सांगणं म्हणजे भुकेल्याला ताटाकडे बघू नको म्हणण्यासारखं आहे. आपण घराघरांत नेमकं तेच करतो, आणि वर त्याला बेशिस्त ठरवतो.

2012 मध्ये अनिल डॅश यांनी हुकण्यातल्या आनंदाची, ‘जोमो’ची, कल्पना मांडली. ती मलाही आवडते. पण हा आनंद मिळतो तो ज्याचं घर माणसांनी भरलेलं आहे त्याला. एकट्या माणसाला तो उपदेश म्हणून देऊ नये.

मग करायचं काय? पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात मेलिसा हंट यांनी केलेला आणि 2018 मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग इथे उपयोगी आहे. 143 विद्यार्थ्यांपैकी एका गटाला फेसबुक, इन्स्टाग्राम आणि स्नॅपचॅट प्रत्येकी रोज दहाच मिनिटं, असं तीन आठवडे ठरवून दिलं. त्या गटाचा एकाकीपणा आणि नैराश्य कमी झालं. फोमो मात्र दोन्ही गटांत उतरला, म्हणजे बंधन नसलेल्यांचाही. तेही आपल्या वापराची नोंद पाठवत होते, आणि स्वतःकडे असं लक्ष ठेवण्याचाच हा परिणाम असावा, असं संशोधकांना वाटलं. एका विद्यापीठातला, थोड्या दिवसांचा हा प्रयोग. त्यावर फार मोठा डोलारा उभारू नये. तरी एवढं करून बघता येतं: अ‍ॅप उघडताना, आत्ता मी कुणाला शोधतोय, हे स्वतःला विचारायचं. बहुतेकदा उत्तरात एखाद्या माणसाचं नाव येतं.

परदेशातल्या मराठी मुलांना गणपतीच्या दिवसांत हे नेमकं जाणवतं. इकडच्या आरत्यांचे, मोदकांचे, ढोल-ताशांचे स्टेटस एकामागून एक बघत रात्री जागायचं, आणि प्रत्येकानंतर घर आणखी दूर गेल्यासारखं वाटायचं. त्यापेक्षा वेळ ठरवून आईला फोन लावावा. यंदा मखर कुणी केलं, शेजारच्या काकू आल्या होत्या का, नैवेद्याला उशीर का झाला, हे विचारावं. आईलाही विचारायचं असतंच, तिकडे तू काय केलंस म्हणून.