गीता १०.२६ : पिंपळ आणि दलदलीतलं जायफळ



विभूतियोगात भगवंत म्हणतात, सगळ्या वृक्षांत मी पिंपळ. पिंपळाचं काय, तो सोसायटीच्या ड्रेनेज पाइपातही उगवतो! मिरिस्टिका मॅग्निफिका मात्र सह्याद्रीतल्या दलदलीतच जगतं. जायफळाच्या भावकीतलं हे दुर्मिळ झाड. पाणथळ चिखलात हवा मिळत नाही, म्हणून मुळं वर काढतं. सिंधुदुर्गात, दोडामार्गजवळच्या बांबर्डे गावी ते सुमारे २.५ हेक्टरात उरलंय. कारण ती देवराई आहे. जैवविविधता वारसास्थळाचा सरकारी दर्जा अगदी अलीकडचा. त्याआधी देवाच्या धाकानेच कुऱ्हाड थांबली. आपण देवाला काय वाहिलं ते मोजतो. या गावाची पूजा म्हणजे राईतून काही न नेणं.

पण वरचं पाणी वळवलं, तर कुऱ्हाड न लागताही राई वाळेल. देवा, त्या पाण्यालाही तुझा धाक असू दे.